खारपाणपट्ट्यात रोज चालणारी अ‍ॅम्बेसेडर: १४८९ सीसीचं इंजिन कसं बांधावं

दर्यापूर-अंजनगाव भागात एखाद्या जुन्या वाड्याच्या फाटकातून आत डोकावलं, तर कडब्याच्या गंजीशेजारी ताडपत्रीखाली झाकलेली अ‍ॅम्बेसेडर अजून दिसते. आमचीही तशीच होती. १९७८ची मार्क ३, पेट्रोल. वडिलांनी ती बावीस वर्षं चालवली, पुढे नऊ वर्षं ती उभी राहिली. आज ती आठवड्यातले सहा दिवस रस्त्यावर असते. मुलीला कॉलेजात सोडणं, अमरावतीच्या बाजार समितीची फेरी, शेतावरची ये-जा, सगळं तिच्यावर. तिचं इंजिन मी एकदा चुकीचं बांधून घेतलं आणि एकदा नीट बांधलं. दोन्ही वेळी हाताला जे लागलं ते इथे सविस्तर लिहितोय.

चुकीचं म्हणजे 'हाफ इंजिन'. गाडी धूर मारते म्हटलं की गॅरेजवाला पहिला प्रश्न विचारतो, "भाऊ, हाफ करायचं का फुल?" हाफमध्ये हेड उघडतात, व्हॉल्व्ह घासतात, पिस्टन वर काढून नव्या रिंगा घालतात आणि बंद करतात. क्रँक, म्हणजे पिस्टनांच्या जोरावर फिरणारा खालचा दांडा, तशीच राहते, ब्लॉक गाडीतच राहतो. आमच्या गाडीत सिलिंडरचा बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ते भोक, मोजलाच नव्हता. वरच्या भागात तो झिजून लंबगोल झाला होता. गोल रिंग लंबगोल भोकात बसत नाही. पाच महिन्यांत निळा धूर परत आला आणि पैसा मातीत गेला. हाफ इंजिन सरसकट वाईट नाही, पण ते करायचं की नाही हे मोजमापावरून ठरवायचं असतं, अंदाजाने नाही.

आधी कागद

गाडी पन्नास वर्षांची होत आली की कोणीतरी सुचवतं, व्हिंटेज म्हणून नोंद करा. रोज चालवायची असेल तर करू नका. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते आणि तिला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. मात्र त्या नोंदणीवर गाडी नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आपल्याला साधी खासगी नोंदणीच जिवंत ठेवायची आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओकडे गाडी दाखवून नूतनीकरण, सोबत पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी.

दुसरं, आरसीवरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी जुळवून बघा. मधल्या काळात कोणी ब्लॉक बदलला असेल तर आताच कळू द्या. दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायचा मोह अनेकांना होतो. ते केलं तर आरटीओची मंजुरी, आरसीवर नोंद, माउंटिंग, गिअरबॉक्सची जुळवणी, रेडिएटर असं काम वाढत जातं. मूळचा ब्लॉक शाबूत असेल तर माझं मत स्पष्ट आहे, तोच बांधा. मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश गाडीकडून आलेलं हे बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सीरिजचं इंजिन साधं आहे, लोखंडी ब्लॉक आणि लोखंडी हेड. नीट बांधलं तर साठ-सत्तरच्या वेगाने दिवसभर चालतं.

खोलण्याआधी मोजणी

इंजिन सुरू होत असेल तर गरम करा, चारही प्लग काढा, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारत एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजवर वाचा. या इंजिनाचं कॉम्प्रेशन गुणोत्तर सव्वासातच्या आसपास आहे, म्हणून ठीक असलेल्या सिलिंडरला साधारण १२० पीएसआयच्या (दाबाचं माप) आगेमागे आकडा येतो. चारही आकडे जवळजवळ असणं जास्त महत्त्वाचं. एखादा दहा टक्क्यांहून खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंगा किंवा बोअर गेलाय. आला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असतील तर त्यांच्या मधलं हेड गास्केट फुटलंय.

ऑइल प्रेशर गरम इंजिनावर बघा. चालत्या गाडीत ५० पीएसआयच्या जवळपास हवं. थंड असताना चांगलं आणि गरम झालं की बसतं, असं असेल तर क्रँकची बेअरिंगं झिजली आहेत किंवा ऑइल पंप. अशा गाडीला हाफ इंजिन करणं म्हणजे खालचा रोग ठेवून वरून मलम लावणं.

बाहेर काढणं

बॉनेट आणि रेडिएटर काढला की जागा मोकळी होते. मी गिअरबॉक्ससकट इंजिन काढलं. आंब्याच्या फांदीला कप्पी बांधून इंजिन काढताना मी पाहिलंय, तुम्ही ते करू नका. गावात ट्रॅक्टरवाल्यांकडे चेन कप्पी आणि लोखंडी तिवई मिळते, ती भाड्याने आणा.

हेड काढताना या इंजिनाची एक खोड लक्षात ठेवा. रॉकर शाफ्टचे, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर बसतात त्या दांड्याचे, काही नट हेडसुद्धा धरून ठेवतात. नुसता रॉकर काढायचाय म्हणून तेवढेच नट सोडले तर हेड एका बाजूने दाबलेलं राहतं आणि वाकतं. पाणी आधी काढून टाका, मग हेडचे सगळे नट थोडे थोडे, पाळीपाळीने सैल करा. पुशरॉड, टॅपेट, बेअरिंग कॅप, कनेक्टिंग रॉड, प्रत्येक वस्तू ज्या जागेवरून निघाली तिथेच परत जायला हवी. मी जुन्या पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून पुशरॉड खोचले आणि टॅपेट अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवले. कनेक्टिंग रॉडवर नंबर नसतील तर बारीक पंचाने टिंबं मारा. कोणती बाजू पुढे होती तेही खुणेने लिहा. मोबाइलवर फोटो काढा, पण फोटोवर विसंबू नका. तेल लागलेल्या बोटांनी फोटो शोधणं नकोसं होतं.

खारं पाणी

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला अकोला, अमरावती, बुलढाण्याचा हा पट्टा खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. विहिरीचं पाणी इथे प्यायला चालत नाही, पिकाला भागत नाही, पण रेडिएटरमध्ये आपण ते वर्षानुवर्षं ओततो. आमच्या इंजिनाच्या बाजूच्या डम्या काढल्या, म्हणजे वॉटर जॅकेटवरच्या वाटीसारख्या पत्र्याच्या चकत्या, तेव्हा मागच्या चौथ्या सिलिंडरभोवती गंज आणि क्षार यांचा घट्ट चिखल बसलेला होता. मिस्त्रीकाकांनी स्क्रू ड्रायव्हरने तो खरवडला आणि एवढंच म्हणाले, "पाणी कुठून जाईन बाप्पा इथून?" मे महिन्यात गाडी का तापत होती याचं उत्तर त्या चिखलात होतं. त्याआधी आम्ही दोनदा रेडिएटर साफ केला होता, वॉटर पंप बदलला होता.

म्हणून या भागात इंजिन बांधताना डम्या काढल्याशिवाय ब्लॉक पुढे पाठवू नका. आत वाकवलेल्या तारेने आणि जुन्या क्लच केबलच्या तुकड्याने खरवडा, मग पाण्याचा फवारा मारा. उरलेल्या क्षारासाठी मशीन शॉपमध्ये ब्लॉक रसायनात बुडवतात. ती सोय नसेल तर सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, कोमट पाण्यात विरघळवून जॅकेटमध्ये काही तास भरून ठेवा. नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि शेवटी साध्या पाण्याने धुवा. ब्लॉक आणि हेड दोन्ही लोखंडी असल्याने हे चालतं. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवर ही रीत वापरू नका. डम्या परत बसवताना नव्याच घाला. जुनी ठोकून सरळ केलेली डमी पहिल्याच उन्हाळ्यात गळते.

तेलाच्या वाटांचंही तसंच. ब्लॉकमधल्या ऑइल गॅलरीच्या टोकांचे प्लग काढून लांब ब्रश फिरवा. क्रँकमधली भोकं आधी तारेने, मग कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करा. ग्राइंडिंगनंतर हेच पुन्हा करायचं आहे, कारण ग्राइंडिंगचा बुरा नेमका या भोकांत जाऊन बसतो आणि नवी बेअरिंगं पहिल्या दिवशीच ओरखडतात.

मशीन शॉपमध्ये

अमरावतीला किंवा नागपूरला बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगचं काम होतं. जिथे बोअर गेज आणि मायक्रोमीटर रोज वापरात दिसतात, तिथेच ब्लॉक उतरवा. मोजमाप थाऊमध्ये बोललं जातं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

मूळ बोअर ७३.०२५ मिमी आणि स्ट्रोक ८८.९ मिमी. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन काटकोनी दिशांनी मोजून घ्या. म्हणजे एका सिलिंडरचे सहा आकडे. ते कागदावर मागा. झीज आठ थाऊच्या पलीकडे गेली असेल तर रिबोअर करा. ओव्हरसाइज पिस्टन १०, २०, ३० आणि ४० थाऊचे येतात. पिस्टन आधी हातात आणा, मग त्याच पिस्टनच्या मापाने बोअर करून घ्या. आधी बोअर करून नंतर पिस्टन शोधत हिंडणं आपल्याकडे सर्रास चालतं आणि तिथेच घोळ होतो. नागपुरात मिळाले नाहीत तर कोलकात्याच्या मल्लिक बाजारात किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटला चौकशी करा. अ‍ॅम्बेसेडर उत्तरपाड्याला बनायची आणि कोलकात्यात टॅक्सी म्हणून खूप वर्षं धावली, त्यामुळे तिकडे सामान जास्त टिकून आहे.

'बोअर मोठा केला की ताकद वाढते' असं सांगणारे भेटतील. हिशेब करून बघा. ४० थाऊ ओव्हरसाइज केल्यावर १४८९ सीसीचे १५३१ सीसी होतात, म्हणजे पावणेतीन-तीन टक्के. एवढं पायाला जाणवतही नाही. जेवढ्याने बोअर शुद्ध होतो तेवढंच कापा, कारण पुढच्या बांधणीसाठी भिंतीत लोखंड शिल्लक हवं. ४० थाऊ आधीच झाले असतील तर स्लीव्ह, म्हणजे बोअरमध्ये बसणारी लोखंडी नळी, टाकून मूळ मापावर या.

होनिंगच्या, म्हणजे बोअर शेवटी दगडाने घासण्याच्या, तिरप्या जाळीदार रेषा बोअरमध्ये दिसायला हव्यात. त्यांत तेल टिकतं आणि रिंगा बसतात. आरशासारखा चकचकीत बोअर दिसायला छान, पण रिंगा बसत नाहीत.

क्रँक या इंजिनाची तीन मेन बेअरिंगांवर फिरते. जर्नल म्हणजे क्रँकचा बेअरिंगात फिरणारा गोल भाग. मेन जर्नल २ इंचाचं, कनेक्टिंग रॉडचं साधारण १.८७६ इंचाचं. प्रत्येक जर्नल चार ठिकाणी मोजा. एक-दीड थाऊहून जास्त लंबगोल झालं असेल तर ग्राइंड करा आणि त्याच मापाची अंडरसाइज शेल, म्हणजे बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या, घ्या. ग्राइंड करण्याआधी तडा तपासून घ्या.

धुणं

मशीन शॉपमधून आलेला ब्लॉक डिझेलने पुसून काही लोक सरळ बांधायला घेतात. होनिंगच्या दगडाचा बुरा डिझेलने निघत नाही, रेषांमध्ये रुतून राहतो आणि नव्या रिंगा पॉलिश पेपरसारख्या घासतो. गरम पाणी, कपडे धुण्याचा साबण, ब्रश. चार-पाच वेळा. मग कोरडा करून लगेच इंजिन ऑइल चोळा, नाहीतर तासाभरात गंजाची लाली चढते. पांढऱ्या सुती फडक्यावर तेलाचे दोन थेंब घ्या आणि बोअरमध्ये फिरवा. फडकं करडं झालं तर परत धुवा. मला हे तीनदा करावं लागलं, आणि संपूर्ण बांधणीत इंजिनाच्या आयुष्याला सगळ्यात जास्त उपयोग याच अर्ध्या दिवसाचा झाला असं मी मानतो.

खालचा भाग बांधणं

दिवस निवडताना वारा बघा. एप्रिल-मेमध्ये दुपारी वावटळ उठते आणि काळ्या मातीची धूळ बंद खोलीतही शिरते. मी सकाळी पाच ते दहा एवढ्याच वेळात काम केलं आणि उरलेला वेळ ब्लॉक धुतलेल्या चादरीत गुंडाळून ठेवला.

शेल बसवताना त्याची पाठ आणि कॅपची खाच कोरडी, आणि जर्नलकडची बाजू तेलाने भिजलेली. कॅप मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळल्यावर प्रत्येक वेळी क्रँक हाताने फिरवून बघा. एखादी कॅप आवळल्यावर क्रँक जड झाली तर तिथेच थांबून कारण शोधा. मोकळीक प्लॅस्टिगेजच्या, म्हणजे दाबल्यावर चपटा होणाऱ्या मऊ, धाग्याने मोजता येते. एक ते दोन थाऊ असेल तर चांगलं. क्रँकची पुढे-मागे हालचाल मधल्या बेअरिंगच्या थ्रस्ट वॉशरवर ठरते, ती दोन ते तीन थाऊ हवी.

रिंगचा गॅप पिस्टनवर चढवण्याआधी बोअरमध्ये बघायचा असतो. रिंग बोअरमध्ये सरका, पिस्टनच्या माथ्याने सरळ करा आणि फिलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीची, पट्टी घाला. इंचाला चार थाऊ या हिशेबाने आपल्या पावणेतीन इंचांहून थोड्या जास्त बोअरला ११-१२ थाऊ होतात. आमच्या उन्हात गॅप कमी ठेवून अजिबात चालत नाही. रिंगची टोकं गरम होऊन एकमेकांना भिडली तर रिंग तुटते. पिस्टनवर चढवल्यावर रिंगांचे गॅप एका रेषेत ठेवू नका.

जुन्या १४८९मध्ये गजनपिन, म्हणजे पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी पिन, रॉडच्या वरच्या टोकात बोल्टने आवळलेली असते. हा बोल्ट सैल राहिला तर पिन सरकून बोअरला घासते आणि सगळं काम वाया. आवळताना रॉड शिकंजात धरू नका, वाकतो. पिनच्या दोन्ही टोकांना मऊ धातूचे तुकडे लावून पिनच शिकंजात धरा.

टायमिंग चेन आणि दोन्ही चाकं एकत्रच बदला. चाकांवरची दोन टिंबं एकमेकांसमोर आली पाहिजेत. ऑइल पंप उघडून रोटरची मोकळीक बघा. मला तो नवाच घ्यावा लागला.

मागून तेल गळण्याची तक्रार या गाडीला जन्मापासून आहे. क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नाही, तिथे आटे कोरलेले आहेत आणि ते फिरताना तेल परत आत ढकलतात. रिंगा झिजून क्रँककेसमध्ये दाब वाढला की हे आटे हरतात आणि तेल क्लचवर जातं. त्यामुळे बाहेरून सिलिकॉन फासून काही होत नाही. बोअर नीट करा आणि ब्रीदर, म्हणजे आतला दाब बाहेर सोडणारी वाट, मोकळा ठेवा. मी रॉकर कव्हरच्या ब्रीदरमधून एकदिशा व्हॉल्व्हची नळी इनटेकला जोडली. गळती पूर्ण थांबली नाही, पण पोर्चमध्ये पुठ्ठा ठेवायची गरज उरली नाही.

हेड

आजच्या पेट्रोलचा प्रश्न इथे येतो. फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसेमुक्त पेट्रोल आहे. जुन्या पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यात थर धरून दोघांना वाचवायचं. ते गेल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लोखंडी हेडमध्ये हळूहळू रुतत जातो, टॅपेटची मोकळीक संपते आणि व्हॉल्व्ह जळतो. थोडंफार चालणाऱ्या गाडीला हे उशिरा होतं, रोजच्या गाडीला लवकर. म्हणून चारही एक्झॉस्टला कडक धातूच्या सीट बसवून घ्या, सोबत नवे व्हॉल्व्ह आणि गाइड. पैसे कमी पडत असतील तर दुसरीकडे वाचवा, इथे नाही.

हेडची पातळी सरळ पट्टीने तपासा. वाकलेलं असेल तर सरळ होण्यापुरतंच घासा. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवण्याचा सल्लाही मिळेल. दहा थाऊ घासल्याने गुणोत्तर एखाद्या दशांशाने वाढतं. आठपर्यंत न्यायला दीड-दोन मिलिमीटर लोखंड काढावं लागेल आणि ते हेड पुढच्या वेळी निकामी होईल. पंचेचाळीस अंशांत चालणाऱ्या इंजिनाला जास्त कॉम्प्रेशनचा फायदा कमी आणि नॉकिंगचा, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसण्याचा, त्रास जास्त.

टॅपेटची मोकळीक १५ थाऊवर लावा. कोणता कधी लावायचा याची नऊची युक्ती आहे. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला असेल तेव्हा पहिला लावा, सातवा दाबलेला असताना दुसरा, सहावा असताना तिसरा. बेरीज नेहमी नऊ. वडिलांना ही युक्ती माहीत होती आणि त्यांनी मला ती दहावीत शिकवली होती. तेव्हा मला वाटायचं, हे गणित सगळ्याच गाड्यांना लागू असेल.

रोजच्या वापरासाठीचे बदल

एवढं झालं की इंजिन नवं झालं. पण १९७८मधल्या नव्या गाडीलाही दुपारी एकच्या उन्हात ट्रॅफिकमध्ये उभं राहायची सवय नव्हती. म्हणून काही गोष्टी बदलायच्या.

पहिली, थंडावा. रेडिएटरला जास्त ओळींचा नवा कोअर घाला. पूर्ण तयार कूलंट भरा, किंवा डिस्टिल्ड पाण्यात मिसळून. विहिरीचं, बोअरचं, नळाचं पाणी आता बंद. डिकीत पाच लिटर डिस्टिल्ड पाण्याचा कॅन कायम ठेवा, म्हणजे रस्त्यात कोणी हातपंपाचं पाणी ओतणार नाही. झाकण चांगल्या स्प्रिंगचं घ्या. ७ पीएसआय दाबाने उकळबिंदू दहा-अकरा अंशांनी वर जातो, आणि नेमके तेवढेच अंश मे महिन्यात कामी येतात. थर्मोस्टॅट काढून फेकायची आपल्याकडे सवय आहे. तो परत बसवा, ८२ अंशांचा. त्याच्याशिवाय हिवाळ्यात इंजिन थंडच चालतं, पेट्रोल जास्त पितं आणि तेल पातळ होऊन बोअर झिजतो. मूळ पंख्याच्या जोडीला रेडिएटरसमोर थर्मो स्विचवर चालणारा इलेक्ट्रिक पंखा लावा. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास गाडी जात असेल तर दर आठवड्याला रेडिएटरच्या जाळीवर बसलेली रुई आतून बाहेर हवा मारून काढा.

दुसरी, पेट्रोल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, कुजवतं आणि हवेतलं पाणी ओढतं. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या रबराच्या, पंपाचा डायफ्राम नवा, कार्बोरेटरचं किट नवं. टाकी आतून गंजली असेल तर आधी ती साफ करा. इथेनॉलमुळे मिश्रणही पातळ पडतं, गाडी झटके देते आणि एक्झॉस्ट तापतो. सोलेक्स कार्बोरेटरच्या मेन जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. उदाहरणार्थ, १२०च्या जागी १२५चा जेट लावला तर भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. या पेट्रोलला साधारण तेवढीच भर लागते. तुमच्या गाडीत जो आकडा असेल त्याच्या एक पायरी वर जाऊन चालवा आणि प्लगचा रंग बघा. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब न्या आणि मध्ये पत्र्याचा आडोसा लावा. दुपारी गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी सुरू होत नाही, ते नळीत पेट्रोलची वाफ अडल्यामुळे.

तिसरी, इग्निशन. पाइंटच्या, म्हणजे ठिणगीसाठी उघडमीट करणाऱ्या जुन्या स्विचच्या, जागी बसणारं इलेक्ट्रॉनिक किट घ्या, पण त्याआधी डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट आडवा हलवून बघा. बुश झिजलेला असेल तर नवं किटही टायमिंग स्थिर ठेवत नाही. जुने पाइंट आणि कंडेन्सर डिकीत ठेवा. लेहगावच्या फाट्यावर रात्री किट बंद पडलं तर तेच घरी आणतील. डायनामोच्या जागी अल्टरनेटर लावताना बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय ते आधी बघा. जुन्या ब्रिटिश वायरिंगमध्ये कधीकधी पॉझिटिव्ह अर्थ असतं आणि उलटं जोडलं तर अल्टरनेटर जागेवर जळतो.

एअर क्लीनर. तेलाच्या भांड्याचा जुना फिल्टर असेल तर तो काढू नका, धुळीत तो उत्तम काम करतो. फक्त तेल वेळेवर बदला. वरून सुटसुटीत दिसणारे उघडे जाळीचे फिल्टर आमच्या गाडीरस्त्यांवर इंजिन खातात. ऑइल फिल्टरच्या भांड्याचं रबर बदलताना खाचेतलं जुनं रबर निघालंय याची खात्री करा. एकावर एक दोन रबरं बसली की तेल फवाऱ्यासारखं बाहेर येतं.

पहिला स्टार्ट

प्लग न लावता, इग्निशन बंद ठेवून सेल्फ मारा. ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत, मध्ये मध्ये थांबत. मग प्लग लावून सुरू करा आणि लगेच दीड ते दोन हजार आरपीएमवर वीस मिनिटं चालू ठेवा. हळू रेसवर गुरगुरत ठेवू नका. कॅमशाफ्ट आणि टॅपेट याच वीस मिनिटांत एकमेकांशी जुळतात, आणि त्यांना तेल क्रँकच्या फिरण्याने उडून मिळतं. तेल २०डब्ल्यू-५० मिनरल वापरा. आजकालच्या पातळ तेलांत जस्ताचं प्रमाण कमी असतं आणि सपाट टॅपेटला ते पुरत नाही. या वेळी शेजारी एक माणूस फक्त पाणी, तेल आणि तापमान बघायला उभा करा.

पहिले ५०० किलोमीटर पन्नास-पंचावन्नच्या वर जाऊ नका, पण एकाच वेगाने रेंगाळूही नका. रस्ता मोकळा दिसला की गाडी चढत्या वेगाने ओढा आणि मग पाय सोडा. रिंगांना दाब मिळाला तरच त्या बसतात. ५०० किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदला, इंजिन थंड असताना हेडचे नट मधून बाहेरच्या क्रमाने पुन्हा आवळा आणि टॅपेट परत लावा. पुढे दर ३,००० किलोमीटरला तेल. धुळीच्या भागात यापेक्षा लांबवू नका.

दीड हजार किलोमीटर झाल्यावर मी गाडी परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात नेली. चार माणसं, सामान आणि मे महिन्यातली दुपार. काटा नव्वदला पोचला, इलेक्ट्रिक पंखा सुरू झाला आणि काटा ब्याऐंशीच्या दिशेने उतरू लागला. वर पोचून इंजिन बंद केलं, चहा घेतला आणि दहा मिनिटांनी चावी फिरवली. पहिल्या सेल्फला सुरू झालं. घरी आल्यावर रॉकर कव्हर काढून टॅपेट पुन्हा मोजले. आठपैकी एकच, सहावा, एका थाऊने घट्ट झाला होता.